कळलावी वेगळी, ही जसिंता

चवथ दोन दिवसांवर आली की डिचोलीच्या बाजाराला रानाचा वास सुटतो. एरवी इथे वास असतो डिझेलचा, सुक्या बांगड्यांचा आणि ओल्या तांबड्या मातीचा. या दिवसांत मात्र गावोगावच्या बाया डोंगर धुंडाळून येतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना पोती अंथरून माटोळीचं सामान मांडून बसतात. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि रानात जे जे फळलं-फुललं असेल ते तिला बांधायचं, ही आमची माटोळी. आंबाड्यांचे घोस, घागऱ्या, कवंडळं, हरणाची पिवळी फुलं, सुपारीचं शिपटं, आणि बांधायला केवणीच्या सालीचे दोर. मी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे या पोत्यांपुढून चालताना माझ्या तोंडात लॅटिन नावं आपोआप सुरू होतात, भटजींच्या तोंडात मंत्र सुरू व्हावेत तशी. सगळं घेते. पिशवीचे बंद हातात रुतेपर्यंत घेते. कळलावी मात्र घेत नाही.

बघत मात्र असते. न बघून कसं चालेल? सगळी फुलं रीतसर बसलेली असतात आणि ही एकटी पाकळ्या मागे फेकून उसळलेली. बुडाशी पिवळी, टोकाला लाल, कडा कुरळ्या. चुलीत जाळ सरसरून वर यावा तशी. पानाचं टोक लांबून त्याचाच ताणा होतो आणि हाताला लागेल त्या काटकीला विळखा घालतो. मुळाशी वाकडा, विषारी कंद. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून सुइणी तो उगाळून वरून लावत, म्हणून कळलावी. लोकांनी पुढे बाळंतीण सोडून दिली आणि कळ तेवढी धरून ठेवली. माझ्या आईचं माहेर केरीचं, तेरेखोलच्या अलीकडचं. तिथे समुद्राच्या अंगच्या उतरणीवर पावसाळ्यात कळलावी हवी तेवढी फुलते, पण कुणी उचलून घरात आणणार नाही. आई म्हणायची, ‘‘कळलावी दारात लावली काय घरात कळ लागता.’’ शेजारच्या गावात तीच कळलावी खुशाल माटोळीला बांधतात. केरीच्या लोकांचं म्हणणं, त्यांच्या घरांत भांडणं काय कमी आहेत?

अशा आईच्या परसात ही वेल चौदा-पंधरा पावसाळे वाढली. तिनंच वाढवली. कशी, ते सांगायचं तर पपांपासून सुरुवात करावी लागेल.

पपा बैराला होते. आफ्रिकेतलं बैरा, पोर्तुगिजांचं मोझांबिक. एका गोंयकाराच्या दुकानात हिशेब लिहीत. लग्न करायला म्हणून रजेवर आले, चार-सहा महिने राहिले, गेले. त्यानंतर मी जन्मले. माझ्या लेखी पपा म्हणजे भिंतीवरचा एक फोटो आणि आईच्या तोंडी असलेलं ‘‘पपा येतले’’ हे वाक्य. गोवा मुक्त झाला, तिकडचे वारे फिरले आणि आपल्या लोकांचं तिथे काही खरं राहिलं नाही, तेव्हा ते कायमचे परतले. मी तेव्हा दुसरीत होते. एक पत्र्याची ट्रंक, एक मोठी छत्री आणि बिस्किटांचा एक चौकोनी डबा. बिस्किटं असतील म्हणून मी तो डबा सोडला नाही. उघडला तर आत लाकडाचा भुसा आणि त्यात चार वाकडे कंद.

परसात, विहिरीच्या कठड्याजवळ पपांनी ते पुरले. मी शेजारी उकिडवी बसले होते. या नव्या माणसाशी काय बोलावं ते मला कळत नव्हतं, म्हणून विचारलं, ‘‘हिचा नाव काय?’’

पपा थोडा वेळ मातीच थोपटत राहिले. मग म्हणाले, ‘‘जसिंता.’’

पहिल्याच पावसाळ्यात वेल फुलली आणि आई दचकली. ‘‘ही कळलावी मगो,’’ ती म्हणाली. ‘‘उपटून टाका आदी.’’ पपा हसले. त्यांनी तिला हाताला धरून वेलीपाशी नेलं. मला ते आठवतं, कारण त्यांनी आईचा हात धरलेला मी पहिल्यांदा पाहत होते. म्हणाले, ‘‘नीट बघ. कळलावी असली आसता? ह्या फुलाचो रुंदपणा बघ, रंग बघ. कळलावी वेगळी, ही जसिंता.’’

फूल खरंच वेगळं होतं. केरीच्या कळलावीपेक्षा दुपटीनं मोठं, पाकळ्या रुंद, कुरळेपणा कमी, गर्द लाल आणि त्याला सोनेरी काठ. आईनं पाहिलं आणि ती मानली. तिला मानायचंच होतं, असं आता वाटतं. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या नवऱ्यानं समुद्रापलीकडून फूल आणलं होतं. ते नावापायी कोण उपटून टाकील? शिवाय नावही दुसरं होतं. आमच्याकडे पोर्तुगिजांच्या राज्यात पावाचा उंडो झाला, खिडकीचं जनेल झालं, तशी फुलाची जसिंता झाली.

मग ती आईचीच झाली. आमच्या घरापुढून सुर्ल्याकडचे खनिजाचे ट्रक जात. धूळ इतकी की दोरीवरचं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत भगवं होई. पपा त्या ट्रकांच्याच एका कचेरीत लागले होते. पाऊस चार दिवस उघडला की वेलीच्या पानांवर तांबडा थर बसे, आणि आई ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसत बसे. पानांच्या टोकांचे ताणे तिच्या बांगड्यांत अडकायचे. ‘‘सोड गो,’’ ती वेलीला म्हणायची. चवथीला पहिलं फूल तिच्या हातानं माटोळीच्या मधोमध लागायचं, बरोबर देवाच्या मुकुटावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायची, ‘‘आमची जसिंता.’’ कुणी नाक मुरडून कळलावी म्हणालं की ठसक्यात सांगायची, ‘‘कळलावी वेगळी, ही जसिंता.’’

आणि पपा मला जसिंता म्हणायचे. माझं पाळण्यातलं नाव सुलभा. ते त्यांनी ठेवलेलं नव्हतं, आजीनं ठेवलेलं. कचेरीतून आले की दारातूनच ‘‘जसिंता, उदक हाड’’, अशी हाक. शाळेत बक्षीस मिळालं की ‘‘शाबास गो जसिंता’’. मला किती आनंद व्हायचा! आख्ख्या डिचोलीत कुणाकडे नसलेलं फूल आमच्याकडे आणि त्या फुलाचं नाव मला. वर्गातल्या मुली सुमन होत्या, कुसुम होत्या. बाजारातली फुलं. मी आफ्रिकेची होते.

ज्या पावसाळ्याची आठवण मला दरवर्षी या बाजारात गाठते, तो माझ्या बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा. म्हापशाला कॉलेज, रोज एसटीनं जाणं-येणं. त्या वर्षी सरांनी वर्गीकरण शिकवायला घेतलं होतं आणि मला त्याचं वेडच लागलं. माटोळीतल्या वनस्पती हा माझा प्रकल्प होता. घरभर वर्तमानपत्रांच्या घड्या, त्यांत दाबून ठेवलेली पानं-फुलं, वर दगड. आई म्हणायची, ‘‘हिच्या घरात चटणी वाटूक पाटो गावाचो नाय, तो पानार ठेवललो आसतलो.’’ पाऊस लागलेला, कागद वाळेनात. मी चुलीच्या वरच्या फळीवर ते शेकवायची. आजही ओल्या कागदाचा आणि धुराचा एकत्र वास आला की मला एकवीस वर्षांची झाल्यासारखं वाटतं.

सर सांगायचे ते सोपं होतं. प्रजाती म्हणजे आडनाव, जाती म्हणजे पाळण्यातलं नाव. दोन्ही मिळून वनस्पतीचं खरं नाव. एकाच झाडाला दोन शास्त्रज्ञांनी दोन नावं दिली, तर ज्याचं आधी छापलं ते खरं. नंतरचं समनाम, ते पुस्तकात खाली, बारीक अक्षरात. आणि नाव कुणाचं? तर ज्या पहिल्या नमुन्याला पाहून ते दिलं गेलं, त्या नमुन्याचं. तो वाळका, तुटका, कुठल्या परदेशी कपाटात पडलेला का असेना, नाव त्याच्याशी बांधलेलं. जगातली बाकी सगळी फुलं त्याच्याशी ताडून बघायची.

मी कळलावी काढून बसले. ग्लोरिओसा ही प्रजाती मुळात आफ्रिकेची, तिचे बहुतेक भाऊबंद तिकडचे. पण तिला पहिल्यांदा शास्त्रीय नाव मिळालं ते मलबारच्या वेलीवरून, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरून. ग्लोरिओसा सुपर्बा. आफ्रिकेतली रुंद पाकळ्यांची, लाल-सोनेरी वेल फार नंतर कुणा साहेबाच्या हाती लागली आणि तिला वेगळी जाती म्हणून दुसरं नाव मिळालं. म्हणजे केरीच्या उतरणीवरची ती एक आणि आमच्या परसातली ही दुसरी! पपांचं म्हणणं पुस्तकात होतं. मी दोन्ही फुलं शेजारी शेजारी दाबली. सर म्हणाले, ‘‘अलीकडे काही जण या सगळ्यांना एकच जाती मानतात. रंग-आकाराचा फरक हा काही फरक नव्हे.’’ मी त्यांच्याशी वाद घातला. माझ्यासारखी बोटचेपी मुलगी सरांशी भांडतेय म्हणून मैत्रिणी बघत राहिल्या. आमची वेल वेगळी नाही असं कुणी म्हणणं म्हणजे माझ्या नावाला हात घालणं होतं.

एकच गोष्ट खटकत होती. कोशात जसिंता शोधलं तर निघालं भलतंच फूल, निळं, गड्डीचं, थंड देशातलं. कळलावीचं त्याच्याशी नातं नाही. मी पपांना विचारलं, ‘‘तिकडे ह्या फुलाला जसिंता म्हणतात?’’ ते दाढी करत होते. आरशातच बघत म्हणाले, ‘‘आमी म्हणत होतो.’’ आम्ही म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. लोक काय, कशालाही काहीही म्हणतात. मी नमुन्याच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: स्थानिक नाव, जसिंता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या वर्षी चवथीला वेल कधी नव्हे इतकी फुलली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पपा शेजारच्या आळीत आरत्यांना गेले होते. घरात आई आणि मी. तेवढ्यात दारात पास्कोल उभा राहिला. तेरेखोलचा पास्कोल, पपांच्या बैराच्या दुकानात स्वयंपाकी होता. पपा आले तरी तो तिकडेच राहिला होता, आणि त्या उन्हाळ्यात कायमचा गावी परतला होता. गणपती बघायला म्हणून फेरी ओलांडून, दोन बस बदलून आला होता. आईनं त्याला पूर्वी एकदाच, लग्नाच्या वेळी पाहिलं होतं. तिनं पाट दिला, पातोळ्या आणि नेवऱ्या वाढल्या, चहा ठेवला. तो टोपी मांडीवर घेऊन वर माटोळीकडे पाहत होता. त्याची नजर फुलावर गेलेली पाहून आई नेहमीच्या अभिमानानं म्हणाली, ‘‘ती बघ, आमची जसिंता. औंदा कशी फुलली हा.’’

पास्कोल फुलाकडे बघायचं सोडून आईकडे बघू लागला. त्याचे डोळे भरून आले. ‘‘वयनी,’’ तो म्हणाला, ‘‘तुजें काळीज व्हड. हांव भियेत भियेत आयिल्लों. म्हाका दिसलें, तुका खबर ना आसतली. तुवें देवामुखार तिचें नांव घेतलें, म्हज्या माथ्यावयलें वजें देंवलें.’’

आईनं त्याच्या ताटलीत आणखी एक नेवरी वाढली. तिला कळलं नव्हतं. मलाही नाही.

तो बोलतच राहिला. इतके महिने पोटात ठेवलेलं सगळं बाहेर येत होतं. ‘‘लग्न जालें गो तिचें, ह्याच मे म्हयन्यांत. जेवण हांवेंच रांदलें. तिची आवय बापडी पयलींच सरली. बापायच्या नांवान एक खुर्ची रिती दवरिल्ली, इगर्जेंत. न्हवरो बरो आसा. जसिंता म्हणपाक लागली, पपाक सांग, हांव सुखी आसां.’’

चहा उतू गेला. मी उठले नाही. आईही उठली नाही. तिनं विचारलं, ‘‘कितक्या वर्साची?’’

पास्कोलनं माझ्याकडे बोट केलं. ‘‘हिच्यापरस दोन वर्सां व्हड आसतली.’’ आणि मग आमची तोंडं पाहून त्याला समजलं. हातातली नेवरी त्यानं ताटलीत परत ठेवली.

‘‘म्हणजे माझ्या लग्नाआदीची,’’ आई म्हणाली. मग ती उठली, उतू गेलेला चहा पुसला, उरलेला गाळून त्याच्यापुढे ठेवला. ‘‘घे. थंड जातलो.’’

तो गेला. पपा आले ते आरती गुणगुणत, कपाळाला गुलाल. आई देवापुढे निरांजनाची वात सारखी करत होती. मागे न वळता म्हणाली, ‘‘पास्कोल येवन गेलो. जसिंताचा लगीन जाला.’’

पपा उंबऱ्यातच उभे राहिले. त्यांनी आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे नाही. त्यांची नजर वर माटोळीत गेली आणि तिथेच राहिली. त्यांचा चेहरा कोसळलेला असेल, ओशाळलेला असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. मुलीच्या लग्नाची बातमी ऐकलेल्या बापाचा चेहरा होता तो. एवढं एक मी त्यांना कधी माफ केलं नाही.

आई म्हणाली, ‘‘माटोळी सुटापर्यंत माका कायच बोलाचा नाय.’’

आमचा गणपती पाच दिवसांचा. माटोळी मध्येच सोडत नाहीत, मध्ये एक फूलही काढत नाहीत. बांधलं ते विसर्जनापर्यंत बांधलेलं. आम्ही तिघं त्या फुलाखाली आरत्या म्हटल्या, खतखतं जेवलो, आलेल्यांना पाट दिले. येणारा प्रत्येक जण वर बघून म्हणायचा, ‘‘जसिंता बरी फुलली हो.’’ आई ‘‘हो’’ म्हणायची. ज्याचं जळतं त्याला कळतं, पण आईचं इतकं जळत असताना तिचा आवाज एकदाही हलला नाही.

विसर्जनानंतर तिनं स्वतः स्टुलावर चढून दोर सोडले. फुलं सुकली होती. ती खाली उतरली आणि पपांना एवढंच म्हणाली, ‘‘नाव बदललां म्हणान कळ चुकता?’’ तेवढं एकच भांडण आमच्या घरात झालं.

मला वाटत होतं ती वेल उपटून जाळेल. तिनं तसं केलं नाही. पावसाळा सरला, वेल वाळली, तेव्हा तिनं कुदळ घेऊन सगळे कंद खणून काढले. कळलावीचा कंद विचित्र असतो. जुना दर वर्षी आपल्यातलं सगळं देऊन सुकून जातो, आणि त्याच्या जागी दोन फाट्यांचा नवा तयार होतो, एक हात लांब, एक आखूड. टोपलीभर निघाले. आईनं ते वाटून टाकले. शेजाऱ्यांना, कासाराला, दुधवाल्याला. सुर्ल्याहून भाजी घेऊन येणारी एक बाई होती, तिला तर सुपभर दिले. तिनं बिचकून विचारलं, ‘‘कळलावी मगो ही?’’ मी तिथेच उभी होते. आई तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, ‘‘कळलावी वेगळी, ही जसिंता.’’ खरं सांगितलं असतं तर तिनं ते घेतले नसते. आईला फक्त ते घराबाहेर जायला हवे होते.

पपांनी त्या दिवसापासून मला नावानं हाक मारणं सोडलं. ‘‘गो’’ म्हणायचे, किंवा खाकरायचे. आई मात्र मला सुलभा म्हणून हाका मारू लागली, आतल्या खोलीतून, मोठ्यानं, गरज नसताना. मला दोन्ही नकोसं वाटे. लोकांना वाटेल, या पोरीचं एवढं काय गेलं? फसवणूक झाली ती आईची. तिची तर झालीच, तिच्याकडून सवतीच्या लेकीची पानं पुसून घेतली गेली. पण माझी निराळी होती. पपांनी मला दिलेली एकुलती एक वस्तू ते नाव होतं, आणि ते दुसरीचं निघालं. माझ्याआधी दिलेलं, जिवंत नमुन्याशी बांधलेलं. दारातून ‘‘जसिंता’’ अशी हाक यायची तेव्हा मी धावत जायची, पाण्याचा तांब्या घेऊन. ते हाक मारत होते तिला. तांब्या घेत होते माझ्या हातून. मी समनाम होते, खाली, बारीक अक्षरातली.

पुढे मीही वर्गीकरण शिकवू लागले. बोलता बोलता पुस्तकं बदलली. सर म्हणत होते तेच झालं. आफ्रिकेतली ती लाल-सोनेरी वेल वेगळी जाती नाही, असं ठरलं. तीसुद्धा सुपर्बाच. साहेबाचं नाव समनामात गेलं. आमच्या किनाऱ्यावरचं नाव आधीचं, म्हणून ते टिकलं. मुलांना हे शिकवताना माझा आवाज नको तेवढा चढायचा. शास्त्रात आपली पहिली आणि आफ्रिकेची नंतरची. आमच्या घरात तेवढं उलट होतं. आणि दोघी एकच, असं शास्त्र म्हणतं तेव्हा मला ते पटतंही आणि संतापही येतो. तिचा काय दोष, हे मला कळतं. चर्चमध्ये बापाच्या रिकाम्या खुर्चीसमोर लग्न केलेली ती मुलगी. पुढे तिकडे स्वातंत्र्य आलं, मग लढाया झाल्या, ती कुठे गेली, जगली की नाही, कुणाला माहीत नाही. तिलाही त्यांनी फसवलंच होतं. पण तिला निदान तिच्याच नावानं फसवलं.

पपांच्या शेवटच्या वर्षी ते अंथरुणाला खिळले होते. वाचा बरीचशी गेली होती. श्रावणातली दुपार होती. आई जनेलापाशी बसून पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होती, मी खाटेजवळ. मला वाटलं ते झोपलेत. आणि एकदम, स्पष्ट, जुन्या आवाजात त्यांनी हाक मारली, ‘‘जसिंता.’’

किती वर्षांनी ते नाव त्या घरात उच्चारलं गेलं होतं! मी आईकडे पाहिलं. पानं पुसणारा तिचा हात थांबला नाही. ती म्हणाली, ‘‘ओ दी गो. थयसून कोण येवचा नाय ओ देवक.’’

मी ओ दिली. पुढे वाकले. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, कपाळ, नाक, हनुवटी, जशी मी नमुना तपासताना फिरवते. मग म्हणाले, ‘‘सुलभा गो?’’ आणि डोळे मिटून घेतले. माझं नाव त्यांनी आयुष्यात घेतलं ते तेवढं एकदा, आणि तेही निराश होऊन.

आता आईही नाही. मी चवथ करते, माटोळी बांधते, मधोमध हरणाची फुलं लावते.

यंदा बाजारात तारेच्या खांबाशी एक मुलगी बसली होती, कॉलेजात जाणारी असेल, कानात वायर, पुढ्यात पोतं. पोत्यावर जुड्या. मी लांबूनच थांबले. केरीची कुरळी कळलावी नव्हती ती. रुंद पाकळ्या, गर्द लाल, सोनेरी काठ. कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. जवळ जाऊन विचारलं, ‘‘खंयची गो तू?’’

‘‘सुर्ल्याची.’’

‘‘ही कळलावी मगो?’’

तिनं कानातली वायर काढली. गिऱ्हाइकाला समजावून द्यायच्या सुरात म्हणाली, ‘‘न्हय, बाय. कळलावी वेगळी, ही जसिंता. ही घरांत चलता.’’

‘‘कोणी सांगितलं?’’

‘‘आज्येन. आमच्या वाड्यार सगळीं अशेंच म्हणटात.’’

‘‘कोणाचं नाव गो ते, जसिंता?’’

तिला प्रश्नच कळला नाही. ‘‘फुलाचें नांव, बाय,’’ ती म्हणाली. ‘‘आनीक कोणाचें?’’

निवृत्त झाले तरी मी मास्तरीण. चूक दिसली की तोंड आवरत नाही. ग्लोरिओसा सुपर्बा म्हणून सांगावं, दोन्ही एकच म्हणून सांगावं, असं ओठांवर आलं होतं. मग वाटलं, कुणासाठी? जिनं हे वाक्य त्यांच्या वाड्यावर पाठवलं ती गेली, ज्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं ते गेले. मी पिशवी सावरली आणि वळून चालायला लागले. गर्दी होती, चिखल होता. चार पावलांवर गेले असेन, तेवढ्यात पाठीमागून हाक आली, लांबवलेली, स्वच्छ:

‘‘जसिंताऽऽ!’’

‘‘ओ,’’ मी म्हटलं, आणि वळले.

मुलगी हातात जुडी उंच धरून गिऱ्हाइकांना बोलावत होती. माझ्याकडे पाहून ती हसली.

‘‘तुमकां न्हय, बाय,’’ ती म्हणाली.